एकाच लेखात दोन वाहक

अर्धविराम : एका लेखाचं भाषांतर करतेय. विषय आहे पेशीत डीएनए पोचवणारे पॉलिमर, म्हणजे तोच घटक पुन्हा पुन्हा जोडून झालेले लांब रेणू. मूळ इंग्रजीत त्यांना 'कॅरिअर' म्हटलंय, मी 'वाहक' लिहून मोकळी झाले. पण लेख सुरू होतो थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारापासून आणि तिथे आईवडील दोघंही 'वाहक'. दोन परिच्छेद खाली माझं वाक्य : 'वाहकाचा रेणुभार वाढला की विषारीपणाही वाढतो.' तपासणाऱ्या बाईंनी समासात लिहिलं, 'आईवडील जाड असले तर मुलाला धोका, असं वाटतंय.' दुसरा शब्द सुचवा. 'वाहन' नको, लगेच हॉर्न ऐकू येतो.

जुनाकोश : वाहकच ठेवा. वीज नेणारी तार वाहक, हिवताप पसरवणारा डास वाहक, बसमध्ये तिकीट देणारा वाहक. तो शेवटचा तर काहीच वाहून नेत नाही, तरी कुणाचं अडलं नाही. संदर्भावरून कळतं.

अर्धविराम : तपासणाऱ्या बाईंना नाही कळलं.

तळटीप : याच विषयावरचा मजकूर मी एकदा यंत्राकडून भाषांतरित करून घेतला होता. 'व्हेक्टर' म्हणजे पेशीत जनुक नेणारा वाहक, त्याचं यंत्राने गणितातलं 'सदिश' केलं. 'विषाणूजन्य सदिश पेशीत शिरतो.' गणिताच्या मास्तरांना आवडलं असतं.
गंमत म्हणजे व्हेक्टर हा लॅटिन शब्द 'वाहून नेणे' या धातूवरूनच आलाय आणि तो धातू आपल्या संस्कृत 'वह्'चा सख्खा चुलत. म्हणजे 'वाहक' हा व्हेक्टरचा प्रतिशब्द नाहीच, भाऊबंद आहे.

मूळपुरुष : चुलत कसला? संस्कृतातूनच गेलाय. जनुक-जीनचंही तेच, 'जन्' धातू.

तळटीप : गेला नाही हो. दोन्हीकडे एकाच जुन्या मुळातून उतरलाय. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ योहानसेनने १९०९ मध्ये 'जीन' शब्द काढला तो ग्रीकवरून. ग्रीक 'गेनोस' आणि आपला 'जन्' एका घरातले, एवढंच. आजोबा एक असले म्हणून काकाला बाप म्हणत नाहीत.

प्रयोगवही : मी या पॉलिमरांवर काम केलंय म्हणून बोलते. माझा आक्षेप वेगळा आहे. 'वाहक' म्हटलं की वाटतं, उचललं आणि नेलं. नेणं हा सोपा भाग. डीएनएवर फॉस्फेटमुळे ऋण प्रभार असतो, पॉलिमरवर अमाइनमुळे धन. दोन्ही एकत्र केले की लांबलचक डीएनए आक्रसून शंभरेक नॅनोमीटरचा गोळा होतो. पेशी तो स्वतःच पिशवी करून आत ओढून घेते. खरी पंचाईत पुढे. पिशवी आम्लधर्मी होत जाते, वेळेत बाहेर पडलं नाही तर आतला माल पचून जातो. बाहेर आल्यावर पॉलिमरने डीएनए सोडायलाही हवा, कारण घट्ट धरून ठेवला तर पेशीला तो वाचताच येत नाही. आणि सैल धरला तर वाटेतच विकरं त्याचे तुकडे करतात. म्हणजे धरायचं, लपवायचं, निसटायचं आणि सोडायचं. यातलं 'सोडायचं' वाहक या शब्दात कुठे आहे?

जुनाकोश : आहे की. फुलं वाहतो तेव्हा सोडूनच देतो.

प्रयोगवही : मान्य. हे आवडलं.

अर्धविराम : पण आईवडील?

मूळपुरुष : आधी ते 'पॉलिमर' काढा. 'बहुवारिक' हा शब्द पाठ्यपुस्तकात आहे. आपणच वापरला नाही तर मरेल.

प्रयोगवही : मी मराठी माध्यमातली. बहुवारिक परीक्षेत लिहिला, मार्क मिळाले, नंतर आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकला नाही. आमच्याकडे रोज 'पीईआय' म्हणतात. पूर्ण नाव पॉलिएथिलीनइमाइन. १९९५ पासून या कामात आहे, अजून नव्या पॉलिमरची तुलना त्याच्याशीच होते. त्याचं 'बहुएथिलीनइमाइन' करू?

तळटीप : बहुवारिकमधला 'वार' वारंवारमधला असावा, म्हणजे तोच घटक पुन्हा पुन्हा. माझा तर्क आहे, पुरावा मागू नका. बाकी 'पॉली'चा नातेवाईक 'बहु' नव्हे, 'पुरु'. मूळपुरुषांनी 'पुरुवारिक' म्हणावं.

मूळपुरुष : चेष्टा सोपी असते. 'जनुक'सुद्धा एकेकाळी कृत्रिमच वाटला असेल.

प्रयोगवही : जनुक दोन अक्षरी ऐटीत बसतो म्हणून टिकला.

मूळपुरुष : तीन अक्षरी. असो. मग 'ट्रान्सफेक्शन'ला, म्हणजे पेशीत बाहेरचा डीएनए घालण्याला, काय म्हणता? की तेही तसंच?

प्रयोगवही : तसंच. 'काल ट्रान्सफेक्ट केलं, आज पेशी मेल्या.' हे मी शेकडो वेळा बोललेय आणि ते मराठीच होतं.

जुनाकोश : 'संक्रमण' का नाही?

तळटीप : नको! संक्रमण म्हणजे एकातून दुसऱ्यात जाणं, संक्रांतीतलं. आजाराला आपला शब्द 'संसर्ग'. हिंदी बातम्यांमुळे संक्रमण आता तापालाही चिकटलाय.

जुनाकोश : चिकटलाय ना? मग झाला मराठी.

मूळपुरुष : अशाने काहीही मराठी होईल.

प्रयोगवही : पण इथे तर तपासून बघा, बाहेरचा डीएनए एकातून दुसऱ्यात जातोय. तुमच्या जुन्या अर्थानेच 'संक्रमण' बसतो. आणि पॉलिमर वापरतात ते विषाणू टाळायला, त्यामुळे 'संसर्ग' उलट चुकेल.

तळटीप : हं. हे लक्षात आलं नव्हतं. तरी वाचक ताप समजणारच.

अर्धविराम : लेख उद्या द्यायचाय. थॅलेसेमियावाल्यांना 'वाहक' ठेवलं आणि पॉलिमरला तात्पुरतं 'हमाल' लिहिलंय, हसू नका.

जुनाकोश : हसत नाही. हमाल अरबीतून आला, 'हमल' म्हणजे ओझं. आणि उर्दूत हमल म्हणजे गर्भही. डीएनए पोटात घेऊन जाणाऱ्याला याहून नेमका शब्द सापडायचा नाही.

मूळपुरुष : अरबी??