रात्रपाळीच्या कॅन्टीनमध्ये दीड वाजताची थाळी: काय बदलावं?

कॅन्टीन_समिती

चाकण एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या कॅन्टीन समितीसाठी विचारत आहे. तीन पाळ्या आहेत: सकाळी ६:३० ते ३, ३ ते ११:३० आणि ११:३० ते ६:३०. पाळी दर आठवड्याला बदलते, तीसुद्धा तिसरी, मग दुसरी, मग पहिली अशा क्रमाने. तिसऱ्या पाळीला रात्री दीड वाजता पूर्ण थाळी मिळते: चार चपात्या, दोन भाज्या, वरण, भात, आठवड्यातून दोनदा गोड. शिवाय १२ आणि ४ वाजता मशीनचा चहा.

वार्षिक तपासणीत रात्रपाळीतल्या पुष्कळ जणांची उपाशीपोटीची साखर १०० ते १२५ च्या मध्ये आणि ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली एक चरबी) १५० च्या वर आली. त्यातले बरेच दिसायला सडपातळ आहेत. रक्त पाळी सुटल्यावर पावणेसातला गेटवरच घेतलं होतं. समितीत दोन मतं आहेत. एक म्हणतं तेल आणि भात कमी करा. दुसरं म्हणतं थाळीच बंद करा. काय खाल्लं यापेक्षा कधी खाल्लं याने खरंच एवढा फरक पडतो का? पडत असेल तर दीड वाजता नेमकं काय द्यावं?

घटिकापात्र

पडतो. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २० हजार चेतापेशींचा पुंजका आहे. ते शरीराचं मुख्य घड्याळ, आणि ते उजेडावर लागतं. पण यकृत, स्वादुपिंड, स्नायू, चरबी या सगळ्यांच्या पेशींत स्वतःची घड्याळं आहेत. (याच यंत्रणेची जनुकं फळमाशीत शोधल्याबद्दल हॉल, रॉसबाश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.) यकृताचं घड्याळ बरंचसं जेवणाच्या वेळेवर चालतं. आठवडाभराच्या रात्रपाळीत मुख्य घड्याळ फारसं हलत नाही, कारण सकाळी घरी जाताना ऊन लागतंच आणि सुट्टीला माणूस पुन्हा दिवसाच जगतो. दीडची थाळी मात्र यकृताला सांगते की दुपार झाली. मग एकाच अंगात दोन वेगवेगळ्या वेळा चालू होतात.

त्यात मेलाटोनिनची, म्हणजे अंधारात सुटणाऱ्या झोपेच्या संप्रेरकाची भर. झोपेच्या नेहमीच्या वेळेआधी साधारण दोन तास ते चढू लागतं आणि मध्यरात्रीनंतर भरपूर असतं. इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर त्याला पकडणारे ग्राही असतात; मेलाटोनिन जास्त असताना जेवलं की इन्सुलिन कमी सुटतं. म्हणून तीच थाळी दुपारी एकला खाल्ली तर साखर जेवढी चढते, त्याहून रात्री दीडला जास्त चढते आणि उतरायला वेळ घेते.

याची सर्वांत स्वच्छ तपासणी २०२१ मध्ये बोस्टनला झाली. १९ निरोगी तरुण, १४ दिवस, सगळ्यांना प्रयोगशाळेत रात्रपाळीसारखं वेळापत्रक. एका गटाला दिवसा आणि रात्री जेवण, दुसऱ्याला फक्त दिवसा. रात्री जेवणाऱ्यांची सरासरी साखर ६.४ टक्के वाढली, फक्त दिवसा जेवणाऱ्यांची वाढली नाही. झोप दोन्ही गटांची उलटीच होती, फरक फक्त जेवणाच्या वेळेचा. माणसं मोजकी होती, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा कारखान्याला लावू नका. दिशा मात्र धरून चला.

सडपातळ माणसांचं पुण्यात तरी नवल वाटू नये. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये लंडनच्या डॉ. युडकिन यांच्यासोबतचा आपला फोटो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. तपासणीत वजनकाट्याशेजारी टेप ठेवा: कंबर पुरुषाची ९० सेंमीच्या आत, बाईची ८० च्या आत हवी.

ताटवाटी

थाळी बंद करू नका, तिची वेळ हलवा. रात्री पोटाला चिमटा काढला की माणूस सकाळी साडेसहाला गेटबाहेर दोन वडापाव खातो आणि तसाच झोपतो.

मुख्य जेवण घरी, रात्री ८ ते ८:३० ला, बस पकडण्याआधी. खोली करून राहणाऱ्या मुलांच्या घरी स्वयंपाक नसतो. त्यांच्यासाठी कॅन्टीन १०:४५ ते ११:१५ उघडा आणि तिथे थाळी द्या, भात अर्धा करून. ही तडजोडच आहे, कारण अकरापर्यंत मेलाटोनिन चढलेलं असतं. तरी दीडपेक्षा बरी.

दीड वाजता २५० ते ३०० कॅलरी, त्यात १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. मुगाच्या डाळीची दोन धिरडी: कोरडी डाळ ६० ग्रॅम, तेल एक चमचा, म्हणजे साधारण २५० कॅलरी आणि १४ ग्रॅम प्रथिनं. किंवा दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर मटकीची उसळ, पावाशिवाय. सोबत ताक, काकडी, गाजर. धिरडी ऐनवेळी तव्यावरच टाकावी लागतात. आधी करून ठेवलेली चामट होतात आणि लोक परत करतात. आचारी एकच असेल तर अंडी-उसळ सोपी.

नेहमीची चूक म्हणजे ‘हलकं’ म्हणून पोहे, उपमा, साबुदाणा खिचडी किंवा बिस्किटं देणं. पोटाला हलकं असेल, साखरेला नाही. हे जवळजवळ नुसतं पिष्ट आहे, आणि पिष्टालाच त्या वेळी इन्सुलिन पुरत नाही. पहिल्या मतातलं तेल कमी करणं म्हणूनच अपुरं आहे.

फोर्जिंग किंवा लोडिंगला असणाऱ्याला यात एक ज्वारीची भाकरी वाढवा. तो भट्टीशी उभा असतो, त्याला उपाशी ठेवणं चूक. सीसीटीव्ही आणि पॅनलसमोर बसणाऱ्याला भाकरीची गरज नाही.

मशीनच्या चहाच्या प्रीमिक्समध्ये साखर आधीच मिसळलेली असते, त्यामुळे ‘बिनसाखरेचा’ म्हणून बटण दाबलं तरी साखर येते. बिनसाखरेचं प्रीमिक्स वेगळं मागवा. आणि ४ चा चहा २:३० ला आणा. कॅफिन निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात. ४ ला प्यायलेलं ९ ला निम्मं अंगात असतं, आणि ती त्याची झोपेचीच वेळ.

घरी पोचल्यावर एक भाकरी-भाजी किंवा कपभर दूध. अगदी उपाशी झोपलं तर भुकेने अकरालाच जाग येते.

रक्तनमुना

मेनू ठरवण्याआधी ते आकडे बाजूला ठेवा. दीडला थाळी, ४ ला साखरेचा चहा आणि पावणेसातला रक्त, म्हणजे शेवटची साखर पोटात जाऊन तीन तासही झालेले नाहीत. उपाशीपोटी म्हणजे किमान ८ तास फक्त पाणी. ट्रायग्लिसराइड्ससाठी १० ते १२ तास धरा. ती माणसं पुन्हा तपासा, पहिल्या पाळीच्या आठवड्यात, गुरुवारी किंवा शुक्रवारी, रात्रीची झोप झाल्यावर. जोडीला एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी) घ्या, ५.७ ते ६.४ टक्के म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्याला उपास लागत नाही म्हणून ते सोयीचं, पण लोहाच्या कमतरतेत ते खोटं जास्त येतं. म्हणून हिमोग्लोबिन त्याच नमुन्यातून बघा.

दुसरं, आणि हे सर्वांत आधी करा: मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांची यादी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दीडचं जेवण अचानक कमी केलं तर मशीनवर असतानाच साखर ७० च्या खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळ, कधी विनाकारण चिडचिड. या लोकांचा मेनू त्यांच्या डॉक्टरांनी डोस आणि गोळीची वेळ बदलून दिल्याशिवाय बदलू नका. फर्स्ट एडच्या पेटीत ग्लुकोमीटर आणि ग्लुकोज पावडर हवी: १५ ग्रॅम पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमी असेल तर पुन्हा १५ ग्रॅम. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काहीही घालायचं नाही, लगेच १०८ ला फोन. नुसत्या मेटफॉर्मिनवर हा धोका फार कमी.

शिफ्टचार्ट

पाळीचा क्रम उलटा आहे, तोही बदला: पहिली, मग दुसरी, मग तिसरी. माणसाचं आतलं घड्याळ सरासरी २४ तासांहून थोडं मोठं असतं, त्यामुळे झोप पुढे ढकलणं त्याला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. या बदलाला खर्च नाही, फक्त एका आठवड्याची जुळणी.

झोपेचे तास मेनूइतकेच महत्त्वाचे आहेत. १९९९ मध्ये शिकागोच्या संशोधकांनी ११ निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार-चार तास अंथरुणात राहू दिलं. तेवढ्यानेच त्यांची साखर पचवण्याची ताकद ढासळली. रात्रपाळीवाल्याची दिवसाची झोप बहुधा पाच तासांतच तुटते. ८ ते १:३० झोप आणि संध्याकाळी ६ ते ७:३० पुन्हा, अशी दोन तुकड्यांत सात तास बसवता येते. खिडकीला जाड काळा पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, आणि दाराच्या बेलचं बटण बंद.

मे महिन्यात पुण्यात सहाच्या सुमारास उजाडतं, म्हणजे पाळी सुटताना ऊन डोळ्यांत असतं. बसने जाणाऱ्याने गडद गॉगल घालावा. दुचाकीवाल्याने घालू नये, तो उजेडच त्याला जागं ठेवतो. नाशिक हायवेला लागण्याआधी २० मिनिटं डुलकी काढावी. घोरणारे, झोपेत श्वास अडकणारे, दिवसा बसल्या जागी पेंगणारे वेगळे काढून झोपेच्या तपासणीला पाठवा. झोपेत श्वास अडकण्याचा आजार नुसत्या मेनूने जाणार नाही, आणि साखर व रक्तदाब दोन्ही वर ठेवतो.

कॅन्टीन_समिती

फेरतपासणी आणि गोळ्यांची यादी या आठवड्यात करतो. एक राहिलं. दुसऱ्या पाळीची माणसं साडेबाराला घरी पोचून जेवतात. तेही तसंच ना?

ताटवाटी

तसंच. दुसऱ्या पाळीची पूर्ण थाळी ७ ते ७:३० च्या सुट्टीत द्या, सध्या तिथे नाश्ता देत असाल तर उलटं करा. घरी पोचल्यावर कपभर दूध किंवा ताक. घरच्यांनाही हे सांगावं लागेल, नाहीतर ताट वाढून वाट बघत बसलेल्यांचं मन मोडवत नाही म्हणून माणूस दोनदा जेवतो. समितीची सूचना मराठीत छापून पाळीच्या तक्त्यासोबत घरी पाठवा.