शब्दचर्चा : ‘ओ अझार’ला काय म्हणावं, आणि बाल्ताझार ‘तो’ की ‘ते’?

रोबेर ब्रेसाँच्या ‘ओ अझार बाल्ताझार’ (१९६६) या चित्रपटावर मराठीत लेख लिहितेय. शिंगरू असल्यापासून मरेपर्यंत एका गाढवाचं आयुष्य, या दावणीवरून त्या दावणीला. अडलंय ‘ओ अझार’पाशी, म्हणजे ‘नशीब नेईल तसं’ अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दांपाशी. दक्षिण फ्रान्सच्या प्रोव्हाँसमधल्या बो गावचे सरदार स्वतःला बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या पूर्वेकडच्या ज्ञानी पुरुषांपैकी (मागींपैकी) बाल्ताझारचे वंशज म्हणवत, त्यांचं हे ब्रीदवाक्य. ‘योगायोगानं’ एखाद्या भेटीला ठीक, अख्ख्या जन्माला नाही. ‘रामभरोसे’त बेफिकिरी येते. ‘वाऱ्यावर सोडलेला’ म्हटलं की सोडणाऱ्यावर ठपका जातो.

दुसरं, श्रेयनामावलीत संगीतकार शुबर्टचा पियानो चालू असताना तो तोडून गाढव... काय करतं? खिंकाळतो घोडा, रेकते म्हैस. शाळेत ‘ओरडणे’ शिकलो, पण ओरडतं कुणीही.

▪ ‘यदृच्छा’ आहे की! गीतेत ‘यदृच्छालाभसंतुष्टो’ आलंय. न मागता पुढ्यात येईल ते, हा अर्थ चोख बसतो. मात्र शीर्षकात फार जड होईल, लेखाच्या ओघात वापरा.

▪ फ्रेंच ‘अझार’चं मूळ बहुतेक कोश अरबीतल्या फाशासाठीच्या शब्दाकडे नेतात. मग आपल्याकडे ‘दान’ तयारच आहे. ‘पडेल ते दान, बाल्ताझार’ असं करून बघा. सोंगटीला विचारून कुणी दान टाकत नाही, तसंच या गाढवाचं. पाववाल्याकडचा झेरार त्याच्या शेपटीला कागद बांधून पेटवतो, दारुडा आर्नोल्ड त्याला मरता मरता वाचवतो आणि पुढे स्वतःच बडवतो. कुठलंच घर त्यानं निवडलेलं नाही.

▪ ताई, ‘ओरडणं’च ठेवा. नवं क्रियापद घडवायला जाऊ नका. तो शुबर्टच्या ए मेजर सोनाटातला संथ भाग आहे, आणि ब्रेसाँनं त्याच्या मधोमध गाढवाचा उघडा आवाज ठेवलाय. तिथं नटवलेला शब्द आला की त्याचं काम बिघडतं. ‘गाढव’चं ‘गर्दभ’ही करू नका. ‘गाढवाला गुळाची चव काय’ म्हणणाऱ्या भाषेत हा शब्द मळलाय, हे खरं. पण संस्कृत नाव दिल्यानं प्राण्याचा मान वाढत नाही.

खरी अडचण लिंगाची आहे, ती तुम्ही विचारलीच नाहीत. फ्रेंचमध्ये गाढव पुल्लिंगी, त्यामुळे तिथं प्रश्नच येत नाही. मराठीत गाढव ‘ते’ आणि बाल्ताझार ‘तो’. वाक्यावाक्याला निवड करावी लागते. मला वाटतं, हीच निवड लेखाचा कणा व्हावी. सुरुवातीला मुलं शिंगराच्या डोक्यावर पाणी घालतात, त्याला मीठ चाटवतात, नाव ठेवतात. त्या बाप्तिस्म्यापासून, त्याच मुलांमधल्या मारीसाठी तो ‘तो’. नाल ठोकणारे, गाडीला जुंपणारे, चाबूक ओढणारे बोलतील तेव्हा ‘ते’च येऊ द्या. शेवटाकडे झेरार चोरटा माल नेण्यासाठी त्याला मागायला येतो, तेव्हा मारीची आई त्याला संत म्हणते. तिच्या तोंडी ‘ते संत आहे’ लिहून बघा, लगेच कळेल.

आणखी एक कळकळीची विनंती. सर्कशीत तो वाघ, ध्रुवीय अस्वल, चिंपांझी आणि हत्ती यांच्या पिंजऱ्यांपुढून जातो. नुसतं त्याचं बघणं, मग त्यांचं बघणं. तिथं ‘करुण नजरेनं’ वगैरे कृपया लिहू नका. ब्रेसाँ नटांनासुद्धा नट न म्हणता ‘मॉडेल’ म्हणायचा, भाव चेहऱ्यावर आणू द्यायचा नाही. गाढवाला आपण भाव चिकटवले तर ब्रेसाँच्या सगळ्या मेहनतीवर बोळा फिरतो. ‘बघतो’ पुरेसं आहे.

▪ वरच्या ‘तो/ते’ला माझाही दुजोरा. वयासाठी शब्द हवे असतील तर जेजुरीच्या पौष पौर्णिमेच्या गाढवबाजारात दातांवरून दुवान (दोन दाती), चवान (चार दाती) असं सांगतात. शिंगरू ते म्हातारं एवढ्या दोनच टप्प्यांवर भागवू नका.

▪ मूळ प्रश्नकर्ती : सगळ्यांचे मनापासून आभार. ‘पडेल ते दान’ घेतेय, यदृच्छा प्रस्तावनेत. दुवान-चवान मात्र घेणार नाही. जेजुरीचे शब्द फ्रान्समधल्या गाढवाला लावले तर वाचक गावच चुकेल. ‘तो’ आणि ‘ते’साठी सगळा मसुदा पुन्हा लिहायला बसतेय.