पृथ्वीगोलावर पूर्व गोलार्ध नक्की कुठे संपतो?

चौकसबाई

लेकीला पृथ्वीगोल आणून दिला. तिने आधी विषुववृत्तावरच्या जोडावरून नख फिरवलं आणि विचारलं, "वरचा आणि खालचा अर्धा इथे चिकटवलाय. मग पूर्व आणि पश्चिम अर्धा कुठे चिकटवलाय?" मला काही सांगता येईना. आडव्या रेषा, उभ्या रेषा, शून्य ते नव्वद, शून्य ते एकशेऐंशी, एवढं शाळेतलं तोंडपाठ आहे. पण एकाला नव्वद आणि दुसऱ्याला एकशेऐंशी असं का? शून्य ग्रिनिचलाच का? आणि पॅसिफिक महासागरात मध्येच इंग्रजी आठच्या आकड्यासारखं काहीतरी छापलंय, ते काय असतं? कुणी नीट उलगडून सांगेल का?

जुनाखलाशी

लेकीला सांगा, तो जोड नाहीच. म्हणून तर त्यावर वाद झाले. उपग्रहांच्या आधी व्यापारी जहाजांवर सेक्स्टंट (सूर्य-तारे क्षितिजापासून किती अंश वर आहेत ते मोजायचं यंत्र) घेऊन जहाज कुठे आहे ते काढण्यात उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आधी त्या 'आडव्या रेषा' डोक्यातून काढा. अक्षांश म्हणजे कोन. पृथ्वीच्या केंद्रापासून विषुववृत्तापर्यंत एक रेघ कल्पा, केंद्रापासून तुमच्या पायाखालच्या जागेपर्यंत दुसरी. या दोन रेघांमधला कोन म्हणजे तुमचा अक्षांश. तो वाढत वाढत ९० झाला की तुम्ही ध्रुवावर पोचलात. तिथून पुढे नाकासमोर चालत राहिलात तर पलीकडच्या बाजूने उतरायला लागता आणि आकडा पुन्हा कमी होऊ लागतो. त्यामुळे ९० च्या पुढे काही नाही. रेखावृत्त हे एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत गेलेलं अर्धवर्तुळ. त्यातलं नेमकं कुठलं, हे सांगायला पृथ्वीभोवतीचा ३६० अंशांचा अख्खा फेरा मोजावा लागतो. तो पूर्वेला १८० आणि पश्चिमेला १८० असा वाटून घेतला. १८० पूर्व आणि १८० पश्चिम ही एकच रेघ आहे, गोल फिरवून तिलाच दाखवायला सांगा.

आता शून्याचं. विषुववृत्त पृथ्वीच्या फिरण्यातूनच ठरतं. ती स्वतःभोवती फिरते म्हणून तिला आस आहे, आसाची दोन टोकं आहेत, आणि टोकांच्या बरोबर मधोमध ते वर्तुळ. माणूस जन्मला नसता तरी ते तिथेच असतं. रेखांशाचं शून्य मात्र बैठकीत ठरलं. फ्रेंच नकाशे पॅरिसपासून मोजायचे, आपले जुने खगोलशास्त्रज्ञ उज्जैनच्या रेषेपासून. १८८४ साली वॉशिंग्टनला २५ देशांचे प्रतिनिधी जमले. ग्रिनिचच्या बाजूने २२ मतं पडली, विरोधात एक, फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ. तोवर बहुतेक जहाजं ग्रिनिचवरून केलेले नकाशे आणि तक्तेच वापरत होती, त्यामुळे निकाल जवळजवळ ठरलेलाच होता.

समुद्रावर हा फरक चांगलाच जाणवतो. उत्तर गोलार्धात ध्रुवतारा क्षितिजापासून जितके अंश वर, साधारण तितका तुमचा अक्षांश. तारा नेमका ध्रुवावर नसल्याने बारीक दुरुस्ती लागते, एवढंच. दक्षिणेत ध्रुवतारा दिसत नाही, तिथे भर दुपारचा सूर्य कामाला येतो. रेखांशासाठी असा खुंटा आकाशात नाही, कारण सगळं आकाशच सरकत असतं. तासाला १५ अंश, म्हणजे ४ मिनिटांना एक. तेव्हा तुमच्या जागेवर आत्ता किती वाजलेत आणि त्याच क्षणी ग्रिनिचला किती, या दोन्ही गोष्टी कळल्या तरच रेखांश निघतो. हलत्या जहाजावर महिनोन्‌महिने बरोबर चालणारं घड्याळ पूर्वी नव्हतं. १७०७ मध्ये ब्रिटिश आरमाराची चार जहाजं इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या सिली बेटांजवळच्या खडकांवर फुटली, हजाराहून जास्त माणसं गेली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेने कायदा करून रेखांश काढण्याच्या पद्धतीला २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने स्वतः घड्याळं बनवायला शिकून आयुष्यभर त्याचा पिच्छा पुरवला आणि त्याचं चौथं घड्याळ १७६१ मध्ये जमैकाच्या सफरीवर कसाला उतरलं. आमच्या क्रोनोमीटरला, म्हणजे जहाजावरच्या त्या अचूक घड्याळाला, भलत्या कुणी हात लावलेला मला खपायचा नाही. ४ सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर!

लेकीच्या हातात दोरा द्या. शेजारच्या दोन रेखावृत्तांमधलं अंतर विषुववृत्तावर मोजायला लावा, मग ६० अंशांवर. बरोबर निम्मं भरेल. विषुववृत्तावर एक अंश रेखांश सुमारे १११ किमी, ६० वर ५६ च्या आसपास, ध्रुवावर शून्य. अक्षांशाचा एक अंश मात्र सगळीकडे १११ च्या जवळपासच राहतो.

आणि मूळ प्रश्न: पूर्व गोलार्ध शून्य रेखावृत्तापासून १८० पर्यंत. पण ही चीर ब्रिटन, फ्रान्स, स्पेन आणि खाली घानामधून जाते. म्हणून काही नकाशाकारांनी २० पश्चिम आणि १६० पूर्व अशी चीर घेतली, युरोप-आफ्रिका अखंड राहावेत म्हणून. त्यात आइसलँड कापलं जातं आणि न्यूझीलंड चक्क पश्चिमेत जाऊन बसतं! मला पहिलीच पद्धत बरी वाटते, निदान आकड्याशी जुळते.

नकाशावेडा

काकांनी बरंच सांगितलंय, थोडी भर. लेकीला किरिबाती शोधायला सांगा. पॅसिफिकमधला हा बेटांचा देश उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम या चारही गोलार्धांत आहे. १९९५ पर्यंत वाररेषा त्याच्या मधून जायची, म्हणजे एकाच देशात दोन तारखा. मग त्यांनी रेषाच पूर्वेला ढकलली.

फोनच्या नकाशात आकडे बघणार असाल तर आधी अक्षांश, मग रेखांश. दक्षिण आणि पश्चिम उणे चिन्हाने दाखवतात. आणि फोन घेऊन ग्रिनिचच्या वेधशाळेत शून्य रेखावृत्त दाखवणाऱ्या प्रसिद्ध पट्टीवर उभं राहिलात तर शून्य दिसत नाही. उपग्रहांच्या मोजणीतलं शून्य तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेला आहे.

चौकसबाई

दोऱ्याचा प्रयोग झाला, निम्मंच भरलं! आता नवीन प्रश्न आलाय: दक्षिण ध्रुवावर उभं राहिलं तर आपण पूर्व गोलार्धात की पश्चिम? आणि काका, तो आठचा आकडा राहिला.

जुनाखलाशी

दोन्हींत, किंवा कुठल्याच नाही. सगळी रेखावृत्तं तिथे एका टिंबात मिळतात, त्यामुळे रेखांश विचारण्यात अर्थ नाही. तोंड कुठेही करा, समोर उत्तरच. घड्याळाचंही तेच. तिथल्या अमेरिकन तळावर न्यूझीलंडची वेळ पाळतात, कारण सामानसुमान आणि माणसं तिकडूनच येतात.

आठच्या आकड्याला अ‍ॅनालेमा म्हणतात. जमीन नसलेली मोकळी जागा म्हणून तो पॅसिफिकमध्ये छापतात. त्यावर तारखा असतात, नीट बघा. तारखेची उंची सांगते की त्या दिवशी सूर्य कोणत्या अक्षांशावर बरोबर डोक्यावर येतो. वरचं टोक कर्कवृत्तावर, खालचं मकरवृत्तावर. रुंदी सांगते की खरा सूर्य घड्याळाच्या किती पुढे किंवा मागे आहे. पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आणि आस कललेली, त्यामुळे हा फरक पडतो. फेब्रुवारीच्या मध्याला सूर्य सुमारे १४ मिनिटं मागे, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं पुढे. दुपारच्या सूर्यावरून रेखांश काढताना ही दुरुस्ती विसरलात, तर नोव्हेंबरात ४ अंशांनी चुकाल, म्हणजे विषुववृत्तावर जवळजवळ ४४५ किलोमीटर.