मदत हवी आहे: सॅडल हंटिंगमध्ये झाडावरून उतरायला कोणतं डिव्हाइस घ्यावं?

मिशिगनकर_७:
नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारतो. इथे मिशिगनमध्ये धनुष्यबाणाने हरणाच्या शिकारीचा सीझन १ ऑक्टोबरला उघडतो आणि आज २० सप्टेंबर. यंदा लॅडर स्टँड (शिडीचं मचाण) सोडून सॅडल घेतलंय. चढायचं जमलं, उतरायचं अडलंय. फिगर एट (आठच्या आकड्यासारखी धातूची कडी), ग्रिग्री आणि मॅड रॉकचं सेफगार्ड (ही दोन दोर आपोआप अडवणारी) ही तीन नावं सगळीकडे दिसतात. यातलं सुरक्षित कोणतं? इथे सह्याद्रीत रॅपलिंग केलेले बरेच जण आहेत, म्हणून विचारतोय. आज रात्री ऑर्डर टाकली तर वेळेत येईल. कृपया लवकर सांगा.

सह्यवेडा:
फिगर एट घ्या. २२ वर्षं वापरतोय. नागफणी, सांधण, वानरलिंगी सगळीकडे तेच नेलं. एकच अखंड तुकडा, त्यात बिघडण्यासारखं काही नाही आणि थंडीत बोटं आखडली तरी दोर ओवता येतो. ग्रिग्रीच्या किमतीत तीन-चार येतील.

अनघा_क:
सॅडल म्हणजे घोड्याचं खोगीर ना? त्याचा झाडाशी काय संबंध?

मिशिगनकर_७:
@अनघा_क, नाही. सीट हार्नेससारखा रुंद पट्टा असतो, कमरेला आणि मांड्यांना. पुढच्या बाजूला दोराचा ब्रिज, त्याला टेदर आणि टेदरचा वेढा झाडाला. पाय छोट्या प्लॅटफॉर्मवर टेकवून मागे रेलून राहायचं. मचाण न बांधता झाडालाच टांगून घ्यायचं म्हणा.
@सह्यवेडा, धन्यवाद. अजून कोणी?

दोरखंड:
दोर किती मिमीचा आहे? डायनॅमिक (ताणणारा) की स्टॅटिक (न ताणणारा)? तुमचं वजन सामानासकट किती? उंची किती? दोर झाडाला एकेरी बांधणार की दुहेरी टाकणार? यातलं एकही कळलं नाही तर कोणतंही नाव सुचवणं धोक्याचं आहे.

मिशिगनकर_७:
साधा क्लाइंबिंगचा काळा दोर आहे, किटबरोबर आलेला. उंची २० फूट. वजन ९२ किलो. मला फक्त डिव्हाइस कोणतं ते सांगा ना.

पायवाट:
पण रॅपल करायचंच कशाला? ज्या स्टिक्सवरून (खोडाला बांधायच्या पायऱ्यांच्या काठ्या) चढलात त्यावरूनच लाइनमन बेल्ट (खोडाभोवतीचा कमरपट्टा) लावून उतरा. माझ्या मते धोका निम्मा होईल.

मिशिगनकर_७:
स्टिक एकच आहे. वन-स्टिक पद्धत. स्टिक बांधायची, तिच्यावर चढायचं, टेदर वर सरकवून त्यावर लटकायचं, खालची स्टिक सोडवून वर बांधायची आणि पुन्हा चढायचं. त्यामुळे वर पोचल्यावर खाली पायऱ्या उरत नाहीत. हे आधी लिहायला हवं होतं.

पायवाट:
मग खोडात स्क्रूच्या पायऱ्या का नाही ठोकत?

मिशिगनकर_७:
सार्वजनिक जमिनीवर इथे झाडाला इजा करता येत नाही. स्क्रू-इन पायऱ्या बेकायदेशीर आहेत.

शाकंभरी:
तंत्राबद्दल मला काही कळत नाही, पण राहवत नाही म्हणून लिहिते. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकार गुन्हा आहे. आपल्या मुलांना आपण हरणाचं पाडस दाखवतो आणि इथे झाडावर दबा धरून त्याला मारायच्या सोयी विचारतो. मला हे बघवत नाही.

मिशिगनकर_७:
ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे. इथे लांडगे फक्त उत्तरेत उरलेत, दक्षिणेत हरणांना लांडग्यासारखा शत्रू राहिलेला नाही, परवाने राज्य सरकारच देतं. घरात वर्षभर आम्ही तेच मांस खातो. यावर वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

नवागत_एच१:
अवांतर: व्हिसावर असताना शिकार चालते का? बंदुकीचं काय?

मिशिगनकर_७:
धनुष्य फेडरल कायद्यात बंदूक धरत नाहीत. बंदुकीचे नियम वेगळे आहेत, वकिलाला विचारा. कृपया मूळ प्रश्नावर येऊया.

दोरखंड:
मी रोप ॲक्सेसमध्ये आहे, पवनचक्क्यांच्या पात्यांवर लटकून दुरुस्ती करतो. आमच्यात दुसऱ्या स्वतंत्र दोराशिवाय कोणी हवेत जात नाही. त्यामुळे फिगर एटबद्दल स्पष्ट लिहितो: त्यात लॉक नाही. हात सुटला की माणूस खाली. नागफणीवर वर बिलेवाला (सुरक्षेचा दोर धरणारा) बसलेला असतो, या गृहस्थांच्या झाडावर पहाटे पाच वाजता कोणी नाही.
शिवाय मी स्वतः एकदा फिगर एटवर अडकलोय. टी-शर्टचं टोक दोराबरोबर आत ओढलं गेलं आणि दोन वेढे झाले. पोटाशी कापड इतकं ताणलं की श्वास पुरेना. प्रुसिकची (दोराला आवळून धरणाऱ्या गाठीची) दोरी खिशात होती म्हणून वर गाठ मारून, तिच्या फासात पाय देऊन उभा राहिलो, डिव्हाइसवरचं वजन काढलं आणि कापड सोडवलं. वीस मिनिटं गेली. शिकारी तर तीन थरांचे जाड जॅकेट घालून उतरणार.

सह्यवेडा:
तो दोष डिव्हाइसचा नाही, शर्ट न खोचल्याचा. आणि खाली ऑटोब्लॉक (दोराला वेढे देऊन आवळणारी बारीक दोरी) लावला की फिगर एटलाही हात सोडता येतो. ग्रिग्रीचं काय? घाबरला की माणूस लिव्हर आणखी घट्ट ओढतो आणि नेमकं तेव्हाच ते पूर्ण उघडतं. अशा लोकांना उतरवलंय मी.

दोरखंड:
ते खरं आहे. ग्रिग्री प्लसमध्ये लिव्हर जास्त ओढला तर उतरणं थांबतं, साध्या ग्रिग्रीत ती सोय नाही. पण तुम्ही ऑटोब्लॉक आत्ता सांगितलात, पहिल्या प्रतिसादात नव्हता. त्यांनी आज रात्री नुसतं फिगर एट मागवलं असतं. आणि दोराची जाडी अजून कळलेली नाही.

सह्यवेडा:
मान्य. ऑटोब्लॉक आधीच लिहायला हवा होता.

रस्सा_रविवार:
हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसते, म्हणून सुकं करताना मटणापेक्षा तेल जास्त आणि आच मंद ठेवा. कांदा-खोबऱ्याचं वाटण शेवटी. आणि डोकं तपासणीला जरूर द्या. २०१५ पासून मिशिगनच्या मोकळ्या हरणांत सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, हरणांचा मेंदूचा जीवघेणा रोग) सापडतोय, मानेजवळच्या लसिका ग्रंथी तपासतात. निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायचं.

मिशिगनकर_७:
दोरखंड, तुमचं ऐकून व्हर्नियर लावला. ८ मिमी.
आणखी एक सांगतो. मित्राची ग्रिग्री काल आणली होती आणि अंगणातल्या मेपलवर चार फुटांवर टांगून बघितलं. लिव्हरला हात लावला नव्हता, तरी दोर हळूहळू सरकत होता. मी समजत होतो की नवा दोर गुळगुळीत आहे म्हणून असेल. आत्ता टॉर्च मारून तिच्या अंगावर कोरलेलं वाचलं: ८.५ ते ११. डिव्हाइस चांगलं म्हणजे कुठल्याही दोरावर चालेल असं मी धरून चाललो होतो. खरंच आभार.

दोरखंड:
हेच मी पहिल्यापासून विचारत होतो. तुमचं टांगलेलं वजन कपडे-सामानासकट शंभराच्या वर जाईल. ८ मिमीवर फिगर एटही घसरगुंडीसारखं पळेल, कारण दोर बारीक तसं घर्षण कमी. डिव्हाइस आणि दोर जोडीने घ्यायचे असतात. एक तर ८ मिमी दोर ठेवा आणि निर्मात्याने ८ मिमीला मान्यता दिलेलंच डिव्हाइस घ्या, ते त्याच्या कागदावर स्वतः वाचून. नाही तर हा दोर बाजूला ठेवून १० मिमीचा सेमी-स्टॅटिक (कमी ताणणारा) घ्या. मी दुसरं करेन. थोडं ओझं वाढेल, पण बर्फाने भिजलेल्या दोरावर हाताला पकड मिळेल.

पेनसिल्व्हेनियावाला:
मी पाच सीझन सॅडलमधून उतरतोय, १० मिमी आणि ग्रिग्री प्लस. दोन गोष्टी डिव्हाइसच्या निवडीइतक्याच महत्त्वाच्या आहेत.
वरचा अँकर: दोर झाडाभोवती फिरवून त्याच्याच टोकाच्या लूपमधून काढतात, तिथे कॅराबिनर (उघडणाऱ्या गेटची कडी) लावू नका. खोडाच्या गोलाईवर तो आडवा वाकतो आणि भार गेटवर येतो. स्टीलची क्विक लिंक (नटने बंद होणारी कडी) लावा, तिचा नट पुरता आवळा, आणि तिलाच पॅराकॉर्ड (बारीक नायलॉनची दोरी) बांधा म्हणजे खालून ओढून दोर परत मिळेल.
आणि ग्रिग्रीत दोर ओवायला ती कॅराबिनरमधून काढावी लागते. अंधारात, ग्लोव्हज घालून हे करताना दोर उलटा पडू शकतो किंवा ग्रिग्रीच हातातून सुटू शकते. म्हणून टेदरवर असतानाच ओवायची, झाडाकडचा दोर झटक्याने ओढून कॅम (दोर आवळणारा आतला भाग) लागतो का बघायचं, मग सगळं वजन ग्रिग्रीवर टाकून दहा सेकंद लटकायचं. टेदर त्यानंतरच सोडायचा. धनुष्य आधीच हॉल लाइनने (सामान वर-खाली करायच्या दोरीने) खाली गेलेलं असलं पाहिजे. दोराच्या खालच्या टोकाला गाठ हवीच.
धातू वाजू नये म्हणून मी बाजूच्या पट्टीवर कापडी टेप लावतो, कॅमजवळ मात्र काहीही चिकटवायचं नाही.

सह्यवेडा:
+१. आणि ऑटोब्लॉक ग्रिग्रीखालीही लावा. डिव्हाइसला टेकणार नाही इतका आखूड ठेवा, टेकला तर सुटतो.

मिशिगनकर_७:
१० मिमीचा ४० फुटी सेमी-स्टॅटिक आणि ग्रिग्री प्लस आले. काल-आज मिळून मेपलवर अकरा वेळा उतरलो. आधी पाच फुटांवरून, मग बारा, शेवटच्या तीन वेळा पूर्ण उंचीवरून, ग्लोव्हज घालून आणि दिवा बंद करून. बायको खाली उभी होती. दोर अजिबात सरकला नाही. एकदा खालून ओढताना क्विक लिंक सालीच्या खाचेत अडकली, पॅराकॉर्ड बाजूला जाऊन ओढल्यावर निसटली. आता फांद्यांचे बुंधे नसलेलं झाड शोधतोय.
एक शंका: ऑटोब्लॉकची दोरी ६ मिमी आहे. वेढे तीन की चार?

सह्यवेडा:
१० वर ६ असेल तर चारपासून सुरू करा. जमिनीपासून फूटभर वर लटकून दोन्ही हात सोडा. धरला नाही तर एक वेढा वाढवा, उतरताना जाम होत असेल तर एक कमी करा. दोर ओला करूनही एकदा बघा.