पोस्टग्रेसची मेमरी संपली: रॅम वाढवायची की सेटिंग तपासायची?

रात्रपाळी:
३१ तारखेला संध्याकाळी रिपोर्ट काढताना आमच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर 'आउट ऑफ मेमरी' आलं. ऑफिसात सगळ्यांचा एकच धोशा: रॅम वाढवा. मला हे अजिबात पटत नाही. कोणीतरी वर्क-मेम (एका कामाला किती मेमरी वापरता येईल ती मर्यादा) ४ एमबीवरून २५६ करून ठेवलंय, तेही सरसकट. ही मुभा कनेक्शनमागे एकदाच मिळत नाही; क्वेरीतल्या प्रत्येक सॉर्टला (क्रम लावणं), प्रत्येक हॅशला (जुळणी-गटवारीसाठी मेमरीत केलेला तक्ता) वेगळी मिळते. हॅशला तर आवृत्ती १५ पासून दुप्पट. आमच्या क्वेरीत तीन हॅश, एक सॉर्ट. म्हणजे एकटीची मजल पावणेदोन जीबीपर्यंत. दहा जण एकदम बसले की साडेसतरा, आणि मशीन १६चं. उद्या ३२ केलं आणि वीस जण बसले, मग?

डेटावाला:
हिशोब बरोबर, पण दहाही क्वेऱ्या एकाच क्षणी शिगेला पोचत नाहीत. आमच्याकडे हाच आकडा खाली आणला, तर सॉर्ट मेमरीत न मावल्याने डिस्कवर सांडायला लागले आणि आठ मिनिटांचा रिपोर्ट पाऊण तासावर गेला. अकाउंट्सच्या ताई रात्री साडेआठपर्यंत थांबल्या. रॅमला एकदाच पैसे पडतात, माणसांचा वेळ दर महिन्याला जातो.

रात्रपाळी:
सगळ्यांचं खाली आणा, पण रिपोर्टच्या युजरला 'ऑल्टर रोल'ने (एकाच युजरचं सेटिंग बदलणारी आज्ञा) १२८ एमबी द्या. ताईही वेळेवर घरी जातील.

कर्नलकाठ:
एरर आली हे बरंच झालं, एकच क्वेरी मेली. लिनक्सचं ओव्हरकमिट (असलेल्यापेक्षा जास्त मेमरी कबूल करायची की नाही ते सेटिंग) मूळच्या ० वर असेल तर मेमरी आधी सढळ हाताने वाटली जाते आणि ऐनवेळी ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारा लिनक्सचा भाग) पोस्टग्रेसची एखादी प्रोसेस मारतो. मग सगळीच कनेक्शन तुटतात, डेटाबेस रिकव्हरीला बसतो. ओव्हरकमिट २ करा, म्हणजे ठरलेल्या मर्यादेपलीकडे मेमरी कबूलच होत नाही.
आणि लॉगची ओळ पूर्ण वाचा. 'आउट ऑफ शेअर्ड मेमरी' असेल तर बहुधा लॉक टेबल (कोणी काय अडवून धरलंय त्याची नोंद) भरलंय. शेकडो पार्टिशनच्या (तुकड्यांच्या, प्रत्येकाला वेगळं लॉक) टेबलावर आम्ही हे भोगलंय: रॅम दुप्पट केली, एरर तीच. मॅक्स-लॉक्स-पर-ट्रान्झॅक्शन हे लॉकच्या जागेचं सेटिंग ६४ वरून वाढवून रीस्टार्ट केलं तेव्हा थांबली.

डेटावाला:
शेअर्डचं मान्य. ओव्हरकमिट २ ला मात्र माझा विरोध. रेशो (मर्यादेत धरायची रॅमची टक्केवारी) ५० वरच राहिला तर स्वॅप (रॅमच्या जोडीला वापरायची डिस्कची जागा) आणि अर्धी रॅम एवढीच मर्यादा उरते. शेजारी जावाचं ॲप असेल तर ते भरमसाट मेमरी राखून ठेवतं, आणि जागा मोकळी दिसत असताना पोस्टग्रेसला नकार मिळतो.

कर्नलकाठ:
रेशो वाढवायचाच. आणि ते ॲप डेटाबेसच्या मशीनवर ठेवलंय कशाला?