आवाज फुटल्यावर माझा ‘सा’ कुठे शोधू? (सोलापूर)

टाळकरी_१३:

नमस्कार. मी ट्रान्स पुरुष, वय २७. राहायला सोलापूरच्या पूर्व भागात, अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. प्रश्न गाण्याचा आहे, पण थोडं मागून सांगावं लागेल.

गाणं मला आजीनं दिलं. आजी विड्या वळायची आणि दर एकादशीला गल्लीतल्या बायकांच्या भजनी मंडळात जायची. नऊ-दहा वर्षांचा असल्यापासून मी टाळ घेऊन तिच्या शेजारी. मंडळाची पेटी कायम काळी ४, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी हा ‘सा’. पुढे क्लास लावला, परीक्षा दिल्या. तो ‘सा’ गळ्यात इतका बसला होता की पेटीचा भाता हलायच्या आधीच मी तो लावायचो आणि आजी मान डोलवायची.

गेले दहा महिने टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं चालू आहेत. तिसऱ्या महिन्यात घसा बसल्यासारखा झाला, मला सर्दी वाटली. पाचव्या महिन्यापासून आवाज फुटायला लागला. आता फोनवर समोरचा ‘बोला सर’ म्हणतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा फोन ठेवून मी गोदामात जाऊन एकटाच उभा राहिलो होतो, इतका आनंद झाला. पण गायला तोंड उघडलं की गंधाराच्या आसपास आवाज फाटतो, मग नुसती हवा. काळी ४ चा पंचम गेलाच. खाली उतरावं म्हटलं तर खालचं घर मी कधी बघितलेलंच नाही. आजी गेल्या वर्षी वारली. तिचे अभंग मला ज्या सुरात येतात, तो सूरच आता लागत नाही.

जुन्या क्लासला फोन केला होता. ‘पुरुषांच्या बॅचला या, पण आधीचं कुणाला सांगू नका’ असं उत्तर आलं. तिथे मी जाणार नाही.

दर रविवारी संध्याकाळी आम्ही नऊ-दहा जण एका अक्काच्या गच्चीवर जमतो. शेजारी यंत्रमाग चालू असतात, त्या खटखटीत आमचा आवाज रस्त्यावर जात नाही, सुरुवातीला म्हणूनच ती गच्ची धरली होती. अक्का स्वतः तृतीयपंथी, ढोलक वाजवते. एक नर्स आणि तिची जोडीदारीण येतात. एक कॉलेजचा मुलगा बार्शीहून एसटीनं येतो, घरी ट्यूशन सांगून. मराठी, तेलुगू, कन्नड, दखनी, ज्याला जे येतं ते. गाणं शिकलेला त्यांच्यात मी एकटाच, आणि गाता येत नाही तोही मीच. पहिल्या दिवशी हे बोललो तर अक्का म्हणाली, “गाऊ नको. बस. टाळ धर.” तीन रविवार मी नुसता टाळ धरला. चौथ्या रविवारी नर्सताई माझ्याजवळ सरकून बसली आणि माझा सूर जिथे फाटत होता तिथे तिनं तिचा धरला. कुणी अडखळलं तर थांबायचं नाही, शेजारच्यानं सूर पुरवायचा, अशीच तिथली रीत आहे.

तर विचारायचंय ते हे. आत्ता रियाज करावा की आवाज थांबेपर्यंत गप्प राहावं? नवीन ‘सा’ कसा ठरवायचा? आणि आमच्यासारख्या मिसळ आवाजांच्या गटात पेटी कुठल्या पट्टीत लावायची, म्हणजे कुणाला ओढाताण होणार नाही?

रंकाळ्यावरचा_दादा:

भावा, मी कोल्हापूरचा. हार्मोन सुरू करून चार वर्षं झाली. तू लिहिलेला तो फाटणारा गंधार मला तोंडपाठ आहे, माझा मध्यमाजवळ होता.

गप्प राहू नकोस. मी सात महिने गाणं सोडलं होतं आणि त्याचं अजून वाईट वाटतं. या औषधानं स्वरतंतू जाड होतात म्हणून सूर उतरतो. पण वयात येणाऱ्या मुलाचं स्वरयंत्रच वाढतं, तसं आपलं वाढत नाही. त्यामुळे वरचं जातं लवकर, खालचं येतं सावकाश, आणि मध्ये काही महिने हातात फार थोडे सूर उरतात. तुझं आत्ता तेच चाललंय. मोठा बदल बहुतेकांचा पहिल्या वर्षात होतो, पुढेही बराच काळ आवाज हळूहळू बसत राहतो.

मी काय केलं सांगतो. सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, त्यापेक्षा जास्त नाही. अर्धा ग्लास पाण्यात स्ट्रॉ बुडवायची आणि बुडबुडे काढत एकच सूर धरायचा, मग तिथूनच थोडं वर, थोडं खाली घसरायचं. घशावर ताण न येता स्वरतंतू जुळायला शिकतात. त्यानंतर ओठ मिटून गुंजन. दर महिन्याच्या एक तारखेला एकच ओळ मोबाइलवर रेकॉर्ड करायचो. रोज ऐकलं तर काही बदलत नाही असं वाटतं, चार महिन्यांच्या चार ओळी एकामागून एक लावल्या की कळतं.

दोन गोष्टी मात्र कळकळीनं. बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसावी म्हणून घालतो तो घट्ट कपडा, घालून गाऊ नको. बरगड्या आवळलेल्या असताना श्वास खाली जात नाही, मग सगळा जोर घशावर येतो. गच्चीवर आपलीच माणसं आहेत, सैल शर्ट घालून जा. आणि फोनवर ‘सर’ ऐकायला मिळावं म्हणून मुद्दाम खर्जात बोलत असशील तर ते बंद कर. मी तसं केलं, घसा महिनाभर धरला होता. घसा तीन आठवड्यांच्या वर बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखव, आणि हार्मोन घेतोस हे त्यांना मोकळेपणानं सांग.

चौंडकंवाली:

लेकरा, मी जोगती, तुमच्या अक्कासारखीच तृतीयपंथी. यल्लम्माची गाणी म्हणते, तीस वर्सं झाली. माझा आवाज जाडाच. साडी नेसून जाड आवाजात गायले म्हणून लोक पहिल्यांदा बघत राहायचे. आईच्या दारात मला कुणी पट्टी विचारली नाही. चौंडक्याची तार माझ्या गळ्याला जुळेल तशी पिळते, आन् गाते. तू बी तार पिळ, गळा नको पिळू.

आमच्यातल्या पोरींचं तुझ्या उलट हाय. त्यांच्या हार्मोनच्या गोळ्यांनी आवाज चढत न्हाई. एकदा फुटला तो फुटला, पुढं सगळं मेहनतीनं. एक पोरगी वर्सभर उंच बोलायचा प्रयत्न करून रडकुंडीला आली होती. मग तिला बोलण्याची थेरपी शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, नुसती उंची वाढवून भागत न्हाई, आवाज छातीत घुमवायचा कमी करून तोंडात पुढं आणायचा. आता ती माझ्यासंगं झील धरती. तुमच्या गच्चीवर अशी कुणी असंल तर तिच्या शेजारी बस. तिला बी ठाव हाय, आपला आवाज आपल्यालाच अनोळखी वाटला की कसं होतं.

आजीचे अभंग सोडू नको. दुसऱ्या सुरात म्हण, आजीला ओळखू येतील.

भाता_आणि_बोटं:

मी पेटी शिकवते, विजापूर रोडला राहते. पट्टीचं उत्तर जरा सविस्तर देते.

बायकांची काळी ४, पुरुषांची काळी १, ही सोयीची सवय आहे, नियम नव्हे. गंगूबाई हनगल (१९१३ ते २००९) यांचा आवाज घशाच्या शस्त्रक्रियेनंतर खाली गेला आणि पुढची कित्येक दशकं त्या त्याच भारदस्त आवाजात गायल्या. धारवाड-हुबळीकडचा तो सूर आपल्या सोलापुरात लोकांनी मनापासून ऐकलाय. गंगूबाईंच्याच किराणा घराण्यातल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज नाजूक आणि उंच. तेव्हा तुमचा ‘सा’ बायकांकडे की पुरुषांकडे, हा हिशेब मनातून काढून टाका.

शोधायचा असा. सकाळी उठल्यावर नाही, दुपारनंतर, चार वाक्यं बोलून झाल्यावर. तानपुऱ्याचं अ‍ॅप काळी १ ला लावा, पण तिथे ‘सा’ म्हणू नका. सहज ‘हं’ म्हणा, कुणी हाक मारल्यावर ओ देतो तसं. तो ‘हं’ पेटीवर कुठे पडतो ते बघा. त्याच्या एक-दोन स्वर खाली तुमचा आजचा ‘सा’. आजचा म्हणते, कारण दोन महिन्यांनी तो सरकेल, सरकू द्या. तिथून फक्त सा रे ग म प, एवढंच आकारात, म्हणजे नुसत्या ‘आ’वर. तार सप्तकाकडे वर्षभर वळू नका.

आता गट. सगळ्यांना एकाच उंचीवर ओढू नका. पेटी काळी ५ ला लावा, उंच आवाजांनी तिथे गावं, तुम्ही तोच ‘सा’ एक सप्तक खाली घ्या. ज्या ओळीत खालचं पोचणार नाही, तिथे ओठ मिटून नुसता सूर धरा. अभंगाला हे शोभतं. चाल पाच-सहा सुरांत फिरणारी निवडा, ओव्या, गौळणी, साधे अभंग. आणि धृपद सगळ्यांनी, कडवं एकेकानं ज्याच्या त्याच्या पट्टीत, असंही करता येतं. त्यासाठी पेटीवाल्याला पट्टी बदलता यायला हवी. दोन आवाजांच्या ‘सा’मध्ये षड्ज-मध्यमाचं नातं ठेवलं, म्हणजे एकाचा ‘म’ तो दुसऱ्याचा ‘सा’, जसं काळी १ आणि काळी ३, तर हा बदल कानाला खटकत नाही. पंडित जसराजांची जसरंगी जुगलबंदी याच नात्यावर उभी आहे, तिथे स्त्री-पुरुष आपापल्या पट्टीत वेगवेगळे राग एकाच वेळी गातात.

तुमच्याकडे पेटी वाजवणारं कुणी आहे का?

टाळकरी_१३:

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, बाइंडरचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. रविवारी न घालता गेलो, शाल पांघरून. श्वास पोटापर्यंत गेला तेव्हा लक्षात आलं की कित्येक महिन्यांत तो तिथे गेलाच नव्हता.

‘हं’ पांढरी ३ वर पडला. म्हणून ‘सा’ पांढरी १. अक्काला सांगितलं तर तिनं ढोलकाच्या दोऱ्या सैल केल्या आणि म्हणाली, “हा घे तुझा.” आजीच्या एका अभंगाचं धृपद मी त्या सुरात म्हटलं. दुसऱ्या ओळीत फाटला. बार्शीच्या मुलानं तिथून उचललं, त्याला शब्द येत नव्हते म्हणून नुसत्या आकारात, आणि मी पुढच्या ओळीला परत त्यात शिरलो. मावशी, तुम्ही लिहिलेलं सगळ्यांना वाचून दाखवलं. अक्कानं दोनदा वाचायला लावलं.

पेटीताई, पेटी वाजवणारं कुणी नाही. आजीची पेटी घरात माळ्यावर आहे, भाता फाटलाय आणि दोन सूर बोलत नाहीत. सोलापुरात दुरुस्त करून देणारं कुणी ओळखीचं आहे का? आणि तुम्हाला एखाद्या रविवारी गच्चीवर यायला जमेल का? सहा वाजता. जिना अरुंद आहे, पण खाली उतरून पेटी मी घेईन.

भाता_आणि_बोटं:

भाता मी लावून देते, सूरही बघते. या रविवारी माझीच पेटी आणते. गच्ची कुठे ते निरोपात कळवा, इथे लिहू नका.