चार वर्षांत फ्रिज भंगारात? पूर्वीच्या वस्तू खरंच जास्त टिकायच्या का?

गिरगावकर:
आमचा चार वर्षांचा फ्रिज गेल्या महिन्यात बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, कार्ड (आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड) गेलंय आणि या मॉडेलचं कार्ड आता येत नाही. त्याच घरात आईचा १९७८ सालचा पंखा अजून फिरतोय. दोनदा वाइंडिंग केलं, बेअरिंग बदललं, बस्स. कंपन्यांना टिकाऊ वस्तू बनवता येतात, पण बनवायच्या नाहीत. १९२४ साली जिनिव्हात बल्ब कंपन्यांनी संगनमत करून बल्बचं आयुष्य हजार तासांवर आणलं होतं. जास्त टिकणारा बल्ब काढणाऱ्या कंपनीला दंड व्हायचा!

दादरकरीण:
अजिबात पटलं नाही. तुमच्या आईचा पंखा टिकला म्हणून दिसतोय. त्याच साली घेतलेले बाकीचे पंखे भंगारवाल्याने कधीच नेले. ते कोण मोजतं? शिवाय तो पंखा ७५ वॅट खात असेल, आजचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा पंखा, ३५ वॅटच्या आत चालतो. दिवसाला पंधरा तास धरा, वर्षाला दोनशेहून जास्त युनिट वाचतात. आणि किंमत विसरू नका. आमच्या बाबांनी पहिला फ्रिज पतपेढीचं कर्ज काढून घेतला होता. एवढी महाग वस्तू माणूस जपणारच.

गिरगावकर:
वीज वाचते, मान्य. पण वाचलेले पैसे चार वर्षांनी नव्या फ्रिजला घालायचे, तर वाचलं काय?

कुर्ल्याचा:
पद्मिनी टॅक्सी आठवा. इथे कुर्ल्यातच बनायची. शेवटची २००३ साली नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपली म्हणून २०२३ साली रस्त्यावरून गेली. मोडून पडली म्हणून नाही. ती गाडी फार भारी होती असं मी म्हणणार नाही. पण तिचा मिस्त्री नाक्यानाक्यावर होता आणि सुटे भाग सीएसटी रोडवर मिळायचे. माझ्या मते टिकाऊपणा म्हणजे हेच.

दादरकरीण:
हा मुद्दा मात्र बरोबर आहे. युरोपात मार्च २०२१पासून फ्रिजचं कार्ड मॉडेल बंद झाल्यावरही किमान सात वर्षं दुरुस्तीवाल्यांना द्यावं लागतं. आपल्याकडे २०२२ साली राइट टू रिपेअर, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, सरकारी पोर्टल आलं. मला तशी सात वर्षांची सक्ती इथेही हवी. जुनं ते सोनं हे मात्र अजूनही मान्य नाही.

लॅमिंग्टन रोडवाला:
बावीस वर्षं कार्डं दुरुस्त करतोय. कंपन्या कार्डावर रेझिन, म्हणजे सुकून घट्ट होणारा डिंकासारखा थर, ओततात. आपल्या दमट, खाऱ्या हवेत त्याने कार्ड जास्त टिकतं, हे खरं. पण आत दहा रुपयांचा कॅपॅसिटर गेला, तर तो काढायला रेझिन खरवडावं लागतं आणि त्यात कधी ट्रॅकच, म्हणजे कार्डावरची तांब्याची रेघच, तुटतो. म्हणून बहुतेक जण हातच लावत नाहीत. गिरगावकर, कार्डावर रेझिन आहे की उघडं आहे? उघडं असेल तर फ्रिज भंगारात देऊ नका, आधी कार्डाचा दोन्ही बाजूंनी फोटो टाका.

गिरगावकर:
उघडं आहे. रात्री टाकतो.